माग थांबल्यावरच्या बातम्या

८ जून

आमच्या घरात टीव्ही ऐकू यायचा असेल तर आधी वीज जावी लागते. आणि वीज गेली की टीव्हीही जातो. बेळगावच्या वडगावात ज्यांच्या पुढच्या सोप्यात यंत्रमाग आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दोन माग आहेत. सकाळी आठला सुरू होतात ते रात्री साडेनऊपर्यंत धोट्याचा खटखटाट. संध्याकाळी सातच्या बातम्या लागतात तेव्हा आप्पा मागाजवळ उभे राहून मधल्या दारातून टीव्हीकडे बघतात आणि खालची पट्टी वाचतात. निवेदिका काय बोलते ते त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही.

म्हणून हा उद्योग. डिशचा बॉक्स कंप्युटरला जोडायचा, बातम्या साठवायच्या, माग थांबल्यावर आप्पांना दाखवायच्या.

हाताशी आहे ते असं: पैसे भरून चालणारा पाच वर्षांचा एचडी बॉक्स, त्याला मागे एक एचडीएमआय आणि एक छोटं गोल एव्ही भोक. ऑफिसातून मोडीत निघालेला डेस्कटॉप, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची डिस्क. त्यावर डेबियन लिनक्स आणि साठवलेलं टीव्हीवर दाखवणारा कोडी प्रोग्राम टाकून झालंय. अट एकच, आईने घातलेली: "काय पण कर, खरं माझा रिमोट बदलायचा नाही."

११ जून

यूएसबीला लावायची एचडीएमआय कॅप्चर स्टिक आली. बॉक्सची वायर तिच्यात, ती कंप्युटरमध्ये. पडदा काळा. आवाजही नाही. त्याच स्टिकमध्ये बॉक्सऐवजी लॅपटॉपची एचडीएमआय वायर घालून बघितली तर चित्र झकास आलं, म्हणजे स्टिक धड आहे.

अडथळा एचडीसीपीचा, म्हणजे एचडीएमआयवरच्या कुलपाचा. बॉक्स चित्र बाहेर सोडण्याआधी समोरच्या यंत्राला ओळख विचारतो. टीव्हीकडे ती किल्ली असते, स्टिककडे नसते, आणि मग बॉक्स काळोख पाठवतो. ही ओळख-पाळख मधल्यामध्ये उडवणारे स्प्लिटर मिळतात म्हणे. त्या वाटेला गेलो नाही. ज्या दाराला कुलूप आहे ते सोडून उघडं दार शोधावं, आणि ते बॉक्सच्या मागेच आहे: जुनं एव्ही. त्यातून चित्र कमी प्रतीचं येणार, ७२० बाय ५७६. बातम्यांना पुष्कळ झालं.

१३ जून

खडेबाजारातून एव्हीची वायर आणली, एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळा, पांढरा, लाल. सोबत साडेतीनशे रुपयांची जुन्या पद्धतीची कॅप्चर स्टिक, आत एसटीके ११६० चिप. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तिचा ड्रायव्हर २०१२ पासून आहे, त्यामुळे लावल्या लावल्या ओळखली गेली.

चित्र मात्र नाही. पिवळा काढून परत घातला, वायर हलवली, बॉक्स बंद-चालू केला. तासाभराने वैतागून पिवळा स्पीकरला लावला तर त्यातून जाहिरात ऐकू आली! या चार पट्ट्यांच्या पिनची मांडणी प्रत्येक कारखानदाराची आपापली. कुणी चित्र या पट्टीवर देतो, कुणी त्या. आमच्या वायरीत चित्र लालमधून येतं आणि उजवा आवाज पिवळ्यातून. आता लाल प्लग पिवळ्या भोकात आहे आणि त्यावर चिकटपट्टी लावून "हेच बरोबर आहे" असं लिहून ठेवलंय, नाहीतर सहा महिन्यांनी मीच नीट करायला जाणार.

चित्र आलं ते काळं-पांढरं, वर सरकत राहणारं. ड्रायव्हर अमेरिकेची एनटीएससी धरून बसला होता, ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड. आपल्याकडे १९८२ ला, एशियाडच्या वर्षी, रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा: ६२५ ओळी, ५० फील्ड. रंगाची लहरही दोन्हींत वेगळ्या जागी बसते, म्हणून रंग सापडत नव्हता. 'पाल' निवडल्याबरोबर निवेदिकेची साडी हिरवी झाली. आईने येऊन बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? हे तर टीव्हीत पण दिसतंय की."

१६ जून

आजचा दिवस लांबला, आणि कामाचा कमी, शिकण्याचा जास्त.

आवाजात घुंऽऽ अशी घरघर होती. पन्नास हर्ट्झची, विजेची. माग बंद असताना कमी, चालू असताना जास्त. एव्हीची वायर काढायला बॉक्सच्या मागे हात घातला, दुसरा हात कंप्युटरच्या पत्र्यावर. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

गल्लीतल्या वायरमन मामांना बोलावलं. ते कन्नड बोलतात, मी मराठी, आणि दोघांनाही दोन्ही कळतं. त्यांनी टेस्टर लावला, तीन पिनी सॉकेट उघडून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अर्थ इल्रीऽ." अर्थ नाही. दोन्ही भाषांत वाक्य सारखंच लागू पडलं. वरच्या मोठ्या भोकाला मागे तारच जोडलेली नव्हती.

कंप्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंधळ गाळायला दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थ जोडलेला असला तर त्यांतून झिरपणारी वीज गुपचूप जमिनीत जाते. नसला तर पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, जीव घेण्याइतका नाही. पण हात लावला की तो आपल्यातून वाट काढतो, आणि एव्हीची वायर लावली की तिच्यातून, डिशच्या केबलच्या जाळीतून, छपरावरच्या लोखंडातून. तीच आपली घरघर.

मामांनी मग जाता जाता मागांच्या मोटारीही तपासल्या. एका मोटारीचा अर्थ तुटलेला निघाला. कधीपासून, देव जाणे. आप्पा त्याच मागावर अनवाणी उभे असतात. परड्यातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरला, दोन बादल्या पाणी ओतलं, नवीन तार ओढली. टीव्ही, बॉक्स आणि कंप्युटर एकाच बोर्डावर घेतले. घरघर जवळजवळ गेली. बातम्या एक दिवस उशिरा साठल्या तरी चालतील, पण हे काम या निमित्ताने झालं ते फार बरं झालं.

२० जून

हिशेब. पालचं कच्चं चित्र साठवायचं तर ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रं: सेकंदाला २०.७ एमबी. तासाला पाऊणशे जीबी. पाचशेची डिस्क सात तासांत भरली असती. म्हणून एफएफएमपेग या प्रोग्रामने तिथल्या तिथे एच-२६४ पद्धतीने दाबून लहान करायचं. या जुन्या आय-थ्रीमध्येही ते काम करणारा भाग चिपवरच आहे, त्यामुळे प्रोसेसर निवांत. सेकंदाला दोन मेगाबिट ठेवले तर अर्ध्या तासाच्या बातम्या साडेचारशे एमबीत बसतात.

क्रिकेटचा चेंडू आणि सरकती पट्टी यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत होत्या. पालमध्ये एका चित्राच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी येतात, त्या जुळवून घेणारा फिल्टर लावला. गेले दात.

२२ जून

पिरनवाडीच्या मित्राचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे मर्दा, सह्याद्री दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट येतं की. कार्ड नाही, कुलूप नाही. कंप्युटरला सरळ ट्यूनर लाव. हे काय करूलालास?"

बरोबर आहे त्याचं. पण पावसाळा तोंडावर आलाय, मागाच्या शेडच्या पत्र्यावर आत्ता दुसरी डिश बसवणं नको. शिवाय आईची मालिका पैशाच्या चॅनेलवर आहे. (आणि खरं सांगायचं तर अर्ध्यात आलेलं काम टाकवत नाही.)

२९ जून

आता बॉक्सला चॅनेल बदलायला कंप्युटरने सांगायला हवं. बॉक्सला कान एकच, रिमोटचा. म्हणून कंप्युटरला खोटा रिमोट करून दिला.

घरात पडलेला आर्डुइनो नॅनो घेतला, प्रोग्राम चढवता येणारा बोटभर बोर्ड. आधी टीएसओपी १७३८ रिसीव्हर लावून आईच्या रिमोटची बटणं वाचली. सुरुवातीला ९ मिलिसेकंद उजेड, मग साडेचार मिलिसेकंद अंधार, त्यावरून रिमोटच्या खुणांची एनईसी पद्धत कळली. अडतीस किलोहर्ट्झवर. मग उलट बाजूने पाठवायला इन्फ्रारेड एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ४७ ओहमचा रेझिस्टर. एलईडीतून साधारण ७५ मिलिअँपिअर जातात. नॅनोच्या पिनेला तेवढं झेपणार नाही, म्हणून ट्रान्झिस्टर मध्ये. एलईडी लागतोय की नाही ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघावं, जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक दिसत नाही.

एलईडी बॉक्सच्या काचेच्या एका कोपऱ्याला काळ्या टेपने चिकटवला, उरलेली काच आईच्या रिमोटसाठी मोकळी.

३ जुलै

चार आकडी नंबर पाठवला की बॉक्सला तीनच आकडे पोचतात. पहिला दर वेळी गळतो. त्यामुळे बातम्यांऐवजी कुठलं तरी दागिने विकणारं चॅनेल अर्धा तास साठवलं गेलं. आप्पांनी ते पूर्ण बघितलं, "हेच लावलंयस वाटलं" म्हणाले.

दोष असा: कंप्युटरने यूएसबीवरचा पोर्ट उघडला की नॅनो स्वतःला रीसेट करून घेतो आणि दोनेक सेकंद कुणाचं ऐकत नाही. तेवढ्यात पहिला आकडा येऊन जातो. रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, रीसेट बंद. नवा प्रोग्राम चढवताना मात्र तो काढायला लागतो.

५ जुलै

आज संध्याकाळी सात वाजता आई कांड्या भरत मालिका बघत होती. सात वाजले, आणि बॉक्सने आपोआप चॅनेल बदललं. आईने परत मालिका लावली. म्हणजे बातम्यांच्या जागी मालिका साठू लागली. मी आत होतो, मला वाटलं कोड चुकला, मी कंप्युटरवरून पुन्हा पाठवला. आईने पुन्हा बदलला.

"कोण नंबर दाबूलालंय रे?" असा आवाज मागाच्या वर ऐकू आला, म्हणजे किती मोठा असेल ते समजावं.

चूक कोडची नाही, माझ्या डोक्याची. बॉक्समध्ये ट्यूनर एकच आहे. टीव्हीला एचडीएमआयमधून जे जातं तेच एव्हीतून कंप्युटरला. एकाने एक बघायचं आणि दुसऱ्याने दुसरं साठवायचं हे या बॉक्सला जमणारच नाही, मी कितीही तारा लावल्या तरी. हे पहिल्या दिवशी कागदावर दोन चौकोन काढले असते तर कळलं असतं.

तडजोड ठरली. मालिकेचा पुनर्प्रक्षेपणाचा भाग रात्री साडेअकराला असतो, तेव्हा सगळे झोपलेले. तो कंप्युटर साठवेल, आई दुसऱ्या दिवशी दुपारी बघेल. सात ते साडेसात बॉक्स आप्पांचा. आई हो म्हणाली, पण लगेच विचारलं, "आणि शेजारणीने सातलाच बघून मला सांगितलं तर?"

९ जुलै

रिमोटचं लाल बटण एकच असतं, चालूलाही तेच आणि बंदलाही तेच. कंप्युटरला कळणार कसं की बॉक्स जागा आहे की झोपलाय? काल रात्री आईने झोपताना बॉक्स बंद केला होता आणि मी धरून चाललो होतो की तो चालू आहे. परवा उलट.

उपाय एव्हीमध्येच सापडला. साठवणं सुरू करण्याआधी स्टिककडून चित्र घ्यायचं. सगळं काळं असेल तर बॉक्स झोपलाय, लाल बटण पाठवायचं. पहिल्या प्रयत्नात एकच चित्र तपासलं आणि ते नेमकं दोन जाहिरातींमधलं काळं निघालं, तेव्हा जागा असलेला बॉक्स कंप्युटरने झोपवला. आता सलग पाच सेकंद काळोख असेल तरच.

१८ जुलै

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. इकडे एवढा, तर खानापूरकडे जांबोटी-कणकुंबीला काय असेल. रात्रीची मालिका साठवली गेली ती फक्त चाळीस एमबी. फाइल एवढी लहान म्हणजे चित्र हललंच नाही. उघडून बघितलं: अर्धा तास "सिग्नल उपलब्ध नाही" ही पाटी.

डिशवर येणारी केयू पट्ट्याची लहर दोन-अडीच सेंटिमीटरची. जोराच्या पावसात थेंब तिला शोषतात आणि विखुरतात, त्याला इलाज नाही. पण साध्या रिमझिमीतही चौकोन पडत होते, ते पावसाचं नव्हे. छत्री धरून वर गेलो. डिशजवळचा स्क्रूचा कनेक्टर उघडला तर आतून पाणी निघालं आणि मधली तांब्याची तार हिरवी. दोन वीत केबल कापून टाकली, नवा कनेक्टर, वरून रबरी टेप. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, घरात येत नाही. बसवणाऱ्याने हे पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

३० जुलै

मंगाईच्या जत्रेची गडबड. माग बंद, घर पाहुण्यांनी भरलेलं. कामाला सुट्टी. पाहुण्यांच्या पोराने नॅनोचा दिवा लुकलुकतो म्हणून टेप काढून बघितला. परत चिकटवला.

१५ सप्टेंबर

उघडीप. मित्राचं ऐकलं. साठ सेंटिमीटरची डिश आणि यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर आणला. डिशच्या तोंडासमोरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज यानेच द्यायची असते, म्हणून त्याला बारा व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर.

शेडच्या पत्र्यावर बसवायची नाही हे आधीच ठरवलं होतं. माग चालू असले की तो पत्रा हाताला थरथरतो. घराच्या गच्चीवर सिमेंटमध्ये पाइप रोवला. फ्री डिश जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला. बेळगावहून त्याची दिशा उत्तरेपासून साधारण १२८ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि उंची ६१ अंश. ही डिश ऑफसेट असते, तोंड आडवं दिसतं त्यापेक्षा ती बरीच वर बघत असते. पहिल्यांदा डोळ्याच्या अंदाजाने लावली आणि अर्थातच काही मिळालं नाही. मग बोटभर खाली, बोटभर वर असं करत, खालून आप्पा ओरडून टक्के सांगत होते. मुद्दाम माग थांबवले होते त्यांनी, ऐकू जावं म्हणून.

ट्यूनर चालवणाऱ्या टीव्हीहेडएंड प्रोग्राममध्ये एलएनबी ९७५०/१०६००, सिंबॉल रेट २९५००. शोध पूर्ण झाला आणि सह्याद्री आलं, दूरदर्शनचं कन्नड चंदनही आलं. इथे चित्र पकडून परत दाबायचं काम नाही, आकाशातून आलेला प्रवाह तसाच्या तसा डिस्कवर. प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. बॉक्सला हात लावायचं कारण नाही, त्यामुळे सात ते साडेसात आईला परत मिळाले.

नॅनो, लाल-पिवळी वायर आणि साडेतीनशेची स्टिक तशीच ठेवली आहे. तिच्यावर रात्रीची मालिका चालते. आईने सातला बघितली तरी दुपारी परत बघते.

२१ सप्टेंबर

कंप्युटर, टीव्ही आणि ट्यूनर आज इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. मिळून सव्वाशे वॅटच्या आत. माग त्यावर चालत नाहीत, चालणारही नाहीत.

२४ सप्टेंबर

दुपारी पावणेतीनला वीज गेली. दोन्ही माग एका झटक्यात थांबले. आप्पांनी धोटा बाजूला काढून ठेवला, हात धुतले, आत येऊन बसले आणि म्हणाले, "कालचं लाव." कोडीचं बटण त्यांनी आता स्वतः दाबायला हवं, पण ते मला हाक मारतात, मारू देत.

बातम्या संपल्या. हवामान आलं तसं मी पुढे सरकवायला गेलो. थांबवलं त्यांनी. "राहू दे. आज पाऊस पडणार म्हणून काल सांगितलाय का बघतो." सांगितला होता. आप्पांनी दारातून बाहेर बघितलं. अंगणात कडक ऊन होतं.